पाइप आधी बंद करा

सायकल धुतली म्हणजे तिची देखभाल झाली, हा समज भिलाईत फार मुरलेला आहे. रविवारी सकाळी सेक्टरमधल्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. नळाला पाइप लावलेला असतो, सायकल स्टँडवर उभी असते, मडगार्डवरून साबणाचा फेस ओघळत असतो आणि मालक पाण्याची धार नेमकी चाकाच्या मध्यावर धरून समाधानाने उभा असतो. मग चेनवर तेलाची बाटली उपडी होते. तेल जमिनीवर ठिबकायला लागलं की काम झालं. या माणसाला आळशी म्हणता येत नाही, आणि पंचाईत तीच आहे. तो आळशी असता तर सायकल जास्त टिकली असती.

आमचे एक स्नेही आहेत, इथल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. या धुण्याचे ते कट्टर पुरस्कर्ते. परवा बैठकीत त्यांनी आपली बाजू इतकी ठासून मांडली, की त्यांना तोंडी उत्तर देऊन भागणार नाही, लिहूनच द्यावं लागेल असं वाटलं. भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं: भिलाईची धूळ पाण्याशिवाय निघत नाही. काळ्या सायकलीला याउपर काही लागत नाही, त्यांच्या वडिलांची सायकल अशीच आयुष्यभर चालली. तेल कधीच जास्त होत नाही. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. आणि एवढं करून काही बिघडलंच तर मिस्त्री कशाला बसलाय? बैठकीतल्या निम्म्या माना डोलल्या. म्हणजे प्रश्न एकट्या भाऊंचा नाही.

धुळीबद्दल ते खरं बोलतात. आपल्याकडे साध्या मातीवर भागत नाही. खनिजाची भुकटी आहे, कोळशाची आहे, मुरमाच्या रस्त्यांची तांबडी धूळ आहे, आणि उन्हाळ्यात वारा सुटला की हे सगळं एकत्र येऊन खिडकीच्या गजांवर बसतं. यातले वाळूचे कण चांगलेच कठीण. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर 7 वर आहे, साधं पोलाद त्याच्या बरंच खाली. म्हणजे ही धूळ सायकलीच्या फिरत्या भागात शिरली तर पोलाद झिजणार, धुळीला काही होणार नाही.

धूळ काढायलाच हवी, पण त्यासाठी पाण्याची धार हवीच हे भाऊंना कुणी सांगितलं? व्हर्नन नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात लोखंडाच्या गंजावर बरेच प्रयोग केले. त्यातला एक फार साधा होता. लोखंडाचा एक तुकडा त्याने हवेत उघडा ठेवला आणि दुसऱ्याभोवती मलमलीचा पडदा लावला. हवा तीच, दमटपणा तोच. उघडा तुकडा गंजला, पडद्यातला फार काळ स्वच्छ राहिला, कारण मलमलीने धूळ अडवली होती. धुळीचे कण हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि गंधकाचे वायूही पृष्ठभागाशी खिळवून ठेवतात. जिथे कोळसा जळतो तिथल्या हवेत हे वायू असतातच. थोडक्यात, भिलाईत सायकल पुसणं हे निव्वळ टापटिपीचं काम नाही, गंजाविरुद्धचा तो पहिला उपाय आहे. पण त्याला लागतं कोरडं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश. फ्रेमवर चिखल वाळून बसला असेल तर ओलं फडकं घट्ट पिळून फिरवा आणि लगेच कोरडं फिरवा. पुसल्याने धूळ बाहेर निघते. धारेने ती आत जाते.

आत म्हणजे कुठे, हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. दर आठवड्याला धुतल्या जाणाऱ्या काळ्या सायकलीचं मागचं चाक पावसाळा संपल्यावर मिस्त्रीसमोर उघडायला लावा. तो लॉक नट सोडवतो, कोन आट्यांवरून मागे आणतो, पत्र्याची टोपी चिमट्याने उचलतो. आत दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे ग्रीसमध्ये बसलेले असायला हवेत. धुतलेल्या सायकलीत ते ग्रीस दुधाच्या चहाच्या रंगाचं निघतं, कारण त्यात पाणी घुसळलं गेलेलं असतं. बोटावर घेऊन चोळलं तर कचकच लागते. आता कोन पुसून उजेडात धरा. छर्रे ज्या पट्ट्यावरून फिरतात तिथे गुळगुळीत चकाकती रेघ हवी होती. त्याऐवजी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, काही काळपट, काही लालसर. एकदा हे खड्डे पडले की नवं ग्रीस भरून उपयोग नाही. कोन बदलावा लागतो, आणि हबचा कपही खराब झाला असेल तर पूर्ण हबच. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो असा.

या हबला रबरी सील नसतं. पत्र्याची टोपी धूळ अडवण्यापुरती असते, बाजूने येणारा पावसाचा शिंतोडाही ती बऱ्यापैकी अडवते. पण नळाच्या दाबाची धार तिच्यावर नेम धरून मारायची ही कल्पना सायकल बनवणाऱ्याच्या डोक्यात कधी आली नसावी. गिअरच्या नव्या सायकलीवाल्यांनी इथे हसू नये. त्यांच्या हबमधलं बेअरिंग सीलबंद म्हणून विकलं जातं खरं, पण ते सील वाटेतला चिखल-पाणी अडवण्यासाठी आहे. मोटारी धुण्याच्या केंद्रातली बंदूक त्याच्यावर रोखली तर तेही हार मानतं.

इथे भाऊंना एक प्रश्न विचारायचा आहे. नोकरीभर ते यंत्रांच्या सान्निध्यात राहिले. कन्व्हेयरच्या बेअरिंगला ग्रीस किती, कधी आणि कोणत्या निपलमधून द्यायचं याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं, आणि ते चुकवणाऱ्याला ते काय बोलायचे हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. त्या बेअरिंगवर कुणी पाइप धरला असता तर भाऊंनी त्याची गय केली असती का? इथून 260 मीटर लांबीचे रूळ निघतात. विक्रांत या विमानवाहू नौकेला जे खास पोलाद लागलं, त्यातलं काही इथलं आहे. अशा गावात लोखंड कशाने टिकतं हे ठाऊक असलेली माणसं घरोघरी आहेत, आणि दारातल्या सायकलीशी मात्र सगळं ज्ञान फाटकातच ठेवून आल्यासारखी वागतात. दिव्याखाली अंधार म्हणायचं तर या दिव्याला झोतभट्टी म्हणावं लागेल.

आता वडिलांच्या सायकलीची गोष्ट. हा भाऊंचा हुकमाचा एक्का आहे, कारण वडिलांच्या सायकलीला नावं ठेवणार कोण? 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. मद्रासच्या टीआय कंपनीची हर्क्युलिस, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलास, लुधियानाची हिरो. जड नळ्यांच्या, 28 इंची चाकांच्या, सळईच्या ब्रेकच्या या सायकली दणकट होत्या यात वाद नाही. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या कितीतरी मराठी घरांनी संसार उभा केला तो त्यांच्याच कॅरियरवर.

पण त्या सायकलींना काही लागत नव्हतं? तशी जुनी सायकल अजून शिल्लक असेल तर भाऊंनी तिच्या हबच्या मधोमध बोट फिरवून बघावं. एक बारीक छिद्र सापडेल, त्यावर स्प्रिंगची गोल पट्टी. पट्टी सरकवायची, दोन थेंब तेल सोडायचं, पट्टी परत जागेवर. हे छिद्र बनवणाऱ्याने ठेवलेलं आहे. मालक येता-जाता तेल देत राहील हे धरूनच त्याने सायकल घडवली होती. ज्या वस्तूला देखभाल लागत नाही तिला कुणी तेलाचं छिद्र पाडून देतं का? आणि वडिलांच्या पिढीत वर्षातून एकदा सायकल ‘ओव्हरऑइल’ला जायची, बहुधा पावसाळा संपल्यावर. मिस्त्री ती पुरती सोडायचा. चाकं, पायडल, हँडलखालचे कप, सगळे छर्रे रॉकेलच्या थाळीत पडायचे, मोजून परत बसायचे, खराब निघालेले फेकले जायचे, नवं ग्रीस भरलं जायचं. सायकल टिकली ती या दिवसामुळे. लहानपणी भाऊंना दिसली ती रविवारची बादली, म्हणून श्रेय बादलीला मिळालं. शिवाय टिकलेल्या सायकलीच आपल्याला आज दिसतात. ज्या भंगारात गेल्या त्यांची आठवण सांगायला कुणी येत नाही.

तेलाकडे वळू. इथे भाऊंचं चुकतं तसं नव्या हौशी सायकलस्वारांचंही चुकतं, फक्त बाटली वेगळी असते.

चेन म्हणजे पट्ट्या, पिना, बुश आणि रोलर. चेन सैल पडली, लांबली असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक जोडाशी केसभर जागा मोकळी होते, आणि शंभरावर जोडांची ती केसभर जागा एकत्र होऊन चेन लोंबू लागते. म्हणजे तेल हवं ते पिनेपाशी, आत. बाहेरून दिसणारं तेल कुठल्याच झिजेला अडवत नाही. ते भिलाईची धूळ गोळा करून तिचा काळा लगदा बनवतं, आणि तो लगदा दाते घासत राहतो. म्हणून तेल घालायचं ते रोलरवर, एकेका जोडाला एकेक थेंब, पायडल उलटं फिरवत. थोडा वेळ थांबायचं. मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं, अगदी वाया गेलं असं वाटेपर्यंत. चेन झिजली का हे पाहायला पोलादी पट्टी पुरते. साध्या सायकलीच्या चेनच्या 24 जोडांची लांबी बरोबर 12 इंच भरते. ती एक सोळांश इंचाने वाढली की नवी चेन बघायची. एक अष्टमांशाने वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातेही तिच्याबरोबर गेलेले असतात, नि मग नुसत्या नव्या चेनने भागत नाही.

तेल कोणतं? भाऊ स्कूटरमधून काढलेलं काळं ऑइल वापरतात, फुकट मिळतं म्हणून. इंजिनाने ते टाकून दिलं ते त्यात काजळी, आम्लं आणि धातूचा कीस जमला म्हणून. तेच चेनच्या पिनेत सोडायचं यात काटकसर कुठली? काही घरांत खोबरेल चालतं. ते साधारण 24 अंशांखाली थिजतं, आणि भिलाईत डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. जवसाचं तेल तर हवेत वाळून पापुद्रा धरतं, म्हणूनच ते रंगात घालतात. शिलाई मशीनचं तेल फ्रीव्हीलला उत्तम, चेनलाही कोरड्या दिवसांत चालतं, फक्त पावसात टिकत नाही, मग पुन्हा द्यावं लागतं. पावसाळ्यात थोडं दाट, स्वच्छ, नवं तेल हवं. ग्रीस चेनला नको आणि फ्रीव्हीलला तर नकोच. त्यातल्या बारीक खिट्ट्या ग्रीसमध्ये चिकटून बसल्या की पायडल मारताना दगा देतात.

आणि ती निळी-पिवळी फवारणीची डबी. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली अमेरिकेत तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात 40. अडकलेला नट सोडवायला, भिजलेल्या धातूवरचं पाणी घालवायला ते झकास आहे. पण त्यात पातळ करणारा द्रवच जास्त असतो, तेलाचा थर उरतो तो जेमतेम. चेनमधलं उरलंसुरलं चांगलं तेल तेवढं धुऊन निघतं. खुद्द ती कंपनीही सायकलच्या चेनसाठी वेगळी तेलं विकते. त्यातून फवारा चेनवर मारला तरी उडतो रिमवर. पोलादी रीम पावसात ओली झाली तरी ब्रेक निम्मेशिम्मे लागतात, तेलकट रिमवर काय लागणार? बाजारातून उतरताना, समोर ट्रक उभा असताना, हा प्रश्न फार चमकदार चेन असलेल्या माणसाला पडू नये.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, ट्यूब फुटते, हा भाऊंचा आवडता सल्ला. हिशोब करून बघू. सकाळी 25 अंशांवर 50 पौंड हवा भरली. दुपारी टायर 45 अंशांवर गेलं तर आतला दाब चारेक पौंडांनी वाढतो. उन्हात उभं राहून टायर 65 अंशांपर्यंत तापलं तरी वाढ नऊएक पौंडांची. धड टायर एवढं सहज सोसतं. फुटतं ते बाजूच्या भिंतीला आधीच चिरा पडलेलं टायर, किंवा सुटतं ते घाईत लावलेलं पंक्चरचं ठिगळ, कारण उन्हाने सोल्यूशन मऊ पडतं. हवा कमी ठेवली की टायर प्रत्येक खड्ड्यात दबतं, ट्यूब रिमच्या कडेवर चिमटते, आणि ज्या चिरांची भीती होती त्या बाजूच्या भिंतीला पडायला लागतात. उन्हाळ्यात खरं लक्ष द्यायचं ते वॉल्वमधल्या रबरी नळीकडे. उन्हाने ती वाळून तडकते. बोटावर थुंकी घेऊन वॉल्ववर धरा, बुडबुडा आला तर नळी बदला. पंक्चर नसताना रोज हवा भरणारे कितीतरी लोक या बोटभर नळीचे बळी असतात.

मिस्त्रीच्या मुद्द्यावर मी भाऊंच्या बराच जवळ आहे. हब उघडणं, छर्रे बदलणं, क्रँकचा कॉटर ठोकून बसवणं ही मिस्त्रीची कामं, त्याच्याकडेच द्यावीत. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे माहीत नसताना पाना घेऊन भिडणाऱ्यांनी आजवर किती क्रँकचे आटे बरबाद केले असतील! पण मिस्त्री तुमची सायकल बघतो ती तुम्ही नेल्यावर. न्यायची कधी हे घरी कळायला हवं, आणि ते पाइपच्या टोकाला उभं राहून कळत नाही, फडकं हातात घेतल्यावर कळतं. फ्रेम पुसताना बोट हँडलखालच्या जोडावर जातं आणि रंगात केसासारखी चीर लागते. आऱ्यांवरून फडकं ओढताना एखादा बद्द आवाज करतो, तो सैल झालेला असतो. ब्रेकची रबरं पुसताना त्यांत रुतलेला खडा दिसतो, जो महिनाभर रीम खरवडत होता. पुढचं चाक उचलून हळूच सोडलं तर ते वॉल्वच्या वजनाने झुलत झुलत थांबायला हवं. मध्येच अडून थांबलं तर कोन घट्ट आहे किंवा आत कचरा आहे. रीम धरून आडवी हलवली आणि खटखट लागली तर कोन सैल. पायडलच्या दर फेरीला एकदाच टक् वाजत असेल तर आधी कॉटर तपासा.

वेळ कुठे आहे, असं भाऊ नक्की म्हणतील, त्यांना मी ओळखतो. पाइप गुंडाळून ठेवण्यात आणि अंगणातला चिखल काढण्यात जातो त्याहून कमी वेळ यात जातो.

एका ठिकाणी मात्र हा वाद घरातला राहत नाही. छत्तीसगड सरकार सरस्वती सायकल योजनेतून नववीतल्या मुलींना सायकली देतं. चांगली योजना आहे, गावातली मुलगी पुढच्या गावच्या हायस्कुलात त्यामुळे पोचते. ती सायकल घरी आली की तिला पहिला धडा मिळतो तो काकांचा किंवा भावाचा: रविवारी पाइप मार, तेल ओत. गावातला मिस्त्री बाजाराच्या दिवशी भेटतो आणि शाळा बाकीचे दिवस असते. चेन उतरली, नट सैल झाला, वॉल्वची नळी गेली की मुलगी घरी बसते. प्रत्येक सायकलीबरोबर एक पाना, तेलाची छोटी बाटली आणि वॉल्वची दोन रबरं द्यायला हवीत. वाटपाच्या दिवशी पाहुण्यांचं भाषण थोडं आवरून तासभर मिस्त्रीला शाळेच्या पटांगणात बोलवावं, त्याला त्या तासाचे पैसे द्यावेत, आणि मुलींकडून त्यांच्याच हातांनी चाक काढून परत बसवून घ्यावं. भाऊंनाही बोलवावं. यंत्राला ग्रीस कधी आणि किती द्यायचं, हे त्यांच्याइतकं नीट सांगणारा आमच्या सेक्टरमध्ये दुसरा कुणी नाही.